पंधरा रुपयांतले आठ

गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील कृष्णराव १८७९ साली वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. कृष्णराव कागलला कारकुनीवर लागून फौजदारीपर्यंत पोचले होते, पण मागे शिल्लक म्हणावी असं काही ठेवून गेले नाहीत. मागे राहिली ती माणसं : पत्नी, दोन मुलगे, चार मुली. चुलते अंताजींनी या कुटुंबाला कोकणात आणलं, चिपळूण तालुक्यातल्या ताम्हनमळ्याला. थोरला गोविंद अठराच्या घरातला. त्याने शिक्षण सोडलं, महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये तो कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवू लागला. उरलेल्या सातांत बाकीचा संसार. पुढे गोपाळ मॅट्रिक झाला आणि कॉलेजच्या खर्चाचा प्रश्न आला, तेव्हा वहिनीने आपले दागिने पुढे केले.

गोखल्यांच्या चरित्रांत ही हकिकत त्यांच्या हलाखीचा दाखला म्हणून येते, आणि दोन पानांत संपते. मला मात्र ती वाचताना गोविंदरावांपाशीच थांबावंसं वाटतं. पंधरातले आठ देणाऱ्या या माणसाला आपण दान करतो आहोत असं एकदाही वाटलं नसेल. अंताजींनाही नाही. भावाच्या माघारी त्याची बायकापोरं आपल्या घरी आणायची, यात विचार करण्यासारखं काही आहे असंच त्या काळी कुणाला वाटत नव्हतं. आपण आज ज्याला औदार्य म्हणू, ते तेव्हा नात्यात मुरलेलं होतं. वेगळं काढून दाखवता येत नव्हतं. ते नात्यातून बाहेर कधी पडलं, कसं पडलं आणि त्यात काय मिळालं नि काय हरवलं, हे चिपळूणच्या आसपासच्या शंभरेक वर्षांत फार स्पष्ट दिसतं.

त्या काळचं चिपळूण डोळ्यांसमोर आणायचं तर आधी पाऊस आणावा लागतो. वाशिष्ठीच्या काठचं हे गाव तसं एकाकी नव्हतं. कुंभार्ली घाटातून कऱ्हाडकडचा माल उतरायचा, गोवळकोटच्या बंदरातून पडावांनी दाभोळकडे जायचा, तिथून मुंबईला. घाट आणि खाडी यांच्या मधली ही पेठ होती. पण मृग लागला की समुद्र बंद. नारळी पौर्णिमेपर्यंत गलबतं काठाला ओढलेली, घाट निसरडा, नद्यानाल्यांना उतार नाही. प्रत्येक वाडी आपापल्या डोंगराआड कोंडली जायची. त्या चार महिन्यांत माणसाला जे काही लागेल ते पाखाडीच्या वरच्या किंवा खालच्या घरातच मिळणार, नाहीतर मिळणार नाही.

म्हणून आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी, हा कोकणात फक्त घरच्या बेगमीचा मामला नसे. घर शाकारायचं तर एका घराची माणसं पुरत नाहीत; वाडी मिळून एकेक घर उरकायची, आणि ज्याचं घर त्याने त्या दिवशी जेवण घालायचं. काडेपेटी घरोघर पोचायच्या आधीच्या काळात चूल विझली तर शेजारून विस्तव आणायचा. विरजण, लोणच्याचा खार, बाळंतिणीसाठी जुनं लुगडं, सुईणीला बोलवायला रात्रीचा कंदील धरून जाणारा माणूस, भर पावसात मेलेल्याला खांदा द्यायला चौघे : या सगळ्याला पैसा उपयोगाचा नव्हता, कारण विकत मिळण्यासारखं ते नव्हतंच. श्रावणात कणगी तळाला गेली की तांदूळ उसने आणायचे आणि नवं भात झोडलं की परत करायचे. मापाने आणलेलं परत करताना शीग लावायची. शेजारून आलेलं भांडं रिकामं धाडायचं नाही, चार मिरच्या का होईना घालायच्या.

हे सांगताना गहिवर येतो खरा. पण यात हिशेब होता हे विसरू नये. कुणाकडून काय आलं, कुणाकडे काय गेलं, हे कागदावर नसेल, घरातल्या बायकांच्या डोक्यात पाठ असे. गेल्या वर्षी शाकारणीला कोण आलं नव्हतं, हे पुढची दहा वर्षं विसरलं जात नसे. हिशेब होता म्हणून ते दातृत्व खोटं ठरत नाही. उलट हिशेब होता म्हणूनच ते टिकलं. दरवर्षी मनात उमाळा येईल तेव्हाच मदत, अशी व्यवस्था असती तर पहिल्याच ओल्या दुष्काळात गाव बसलं असतं.

अनोळखी माणसाला कुणी काही देत नव्हतं असंही नाही. वाटसरूला ओटीवर पथारी मिळे, परशुरामाच्या डोंगरावर जाणाऱ्या यात्रेकरूच्या पानावर भात पडे, गरीब ब्राह्मणाचा मुलगा सात घरी सात वार लावून जेवे आणि शिके. पण त्या देण्याची नोंद देवाच्या दरबारात व्हायची. अतिथी, यात्रेकरू, विद्यार्थी, ब्राह्मण, या रूपांत आलेल्याला मिळे. नुसता माणूस म्हणून दाराशी उभा राहिलेल्याला काय मिळेल, ते त्याच्या जातीवर होतं. वार लावून जेवण्याची सोय ज्या मुलांना नव्हती ती शिकलीच नाहीत, आणि म्हणून त्यांची चरित्रंही लिहिली गेली नाहीत.

जुन्या शेजाराची आठवण काढणारे लेख बहुधा इथवर येऊन हळवे होतात आणि थांबतात. मला इथून पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो.

ज्या घरी पंक्ती उठायच्या, वार लावलेली पोरं जेवायची, पाहुण्यांचा राबता असायचा, त्या घराच्या स्वयंपाकघरात कोण होतं? बहुतेक घरांत एखादी विधवा आत्या किंवा काकू. केशवपन झालेली, लाल आलवणातली, एकवेळ जेवणारी. आश्रय तिलाही कुटुंबानेच दिलेला असे, जसा अंताजींनी भावाच्या कुटुंबाला दिला. त्या आश्रयाची किंमत मात्र तिच्या हातून पहाटेपासून रात्रीपर्यंत वसूल होत राही. घराचा मोठेपणा यजमानाच्या नावावर जमा, कष्ट तिच्या नावावर खर्ची. कोकणातल्या दिलदारीचा पाया बऱ्याच अंशी या बायकांनी उचलला आहे, आणि त्यांचं नाव आज त्यांच्या घरातसुद्धा कुणाला सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट खोतांची. रत्नागिरी जिल्ह्यात गावंच्या गावं खोतीत, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोताच्या ताब्यात. कुळाच्या घरी पावसाळ्यात दाणा संपला की खोत खावटी द्यायचा, आणि सुगीत ती वाढीने परत घ्यायचा. शिवाय आठवेठ, म्हणजे आठ दिवसांतला एक दिवस खोताच्या कामावर फुकट राबायचं. काही खोत मायाळू असतील, होतेच. पोरीच्या लग्नाला मदत करणारे, आजारपणात कोयनेल पाठवणारे. पण ज्याला नाही म्हणता येत नाही अशा माणसाला केलेली मदत आणि शेजाऱ्याला दिलेला विस्तव यांत फरक आहे. विस्तव आज मी नेला, उद्या तू नेशील. खावटी नेहमी एकाच दिशेने जायची.

आणि महारवाडा तर गडग्याच्या पलीकडेच. दापोलीच्या परिसरात लष्करातून पेन्शन घेऊन आलेले बरेच महार सैनिक राहत. त्यांतले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली, त्यात अस्पृश्यतेच्या शास्त्राधारालाच हात घातला. पलटणीत ज्यांनी बरोबरीने कवायत केली, त्यांना गावात परतल्यावर शेजाराच्या त्या सगळ्या देण्याघेण्यात जागा नव्हती. विहीर एक असती तर शेजार. विहीरच वेगळी, तर विस्तव कसला आणि विरजण कसलं.

बदल सुरू झाला तो दोन बाजूंनी. एक बाजू वर्गणीची.

चिपळुणात १८६४ साली वाचनालय निघालं. आज त्याचं नाव लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. आता वाचनालय ही आपल्याला इतकी सरावाची गोष्ट झाली आहे की त्यातलं नवल जाणवत नाही. चार माणसांनी पैसे एकत्र करून, ज्यातला एकही कागद कुणाच्या मालकीचा नाही, अशी वस्तू उभी करायची. आणि ती कुणा नातेवाइकासाठी नव्हे, तर जो कुणी येऊन वाचेल त्याच्यासाठी. वाचता येणारे थोडे आणि तेही ठरावीक जातींचे, हे कबूल. पण नियम म्हणून दार सर्वांना उघडं ठेवणारी संस्था छोट्या गावात येणं, ही उसन्या तांदळापेक्षा वेगळ्या जातीची गोष्ट होती.

दापोलीजवळच्या मुरूडला याच सुमारास असेच प्रयोग चालले होते. सोमण गुरुजी नावाच्या शिक्षकांनी गावाला वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचा पायंडा पाडला, आणि वाचायला बसवलं धोंडो केशव कर्वे नावाच्या विद्यार्थ्याला. गुरुजींनी लोकांच्या भांडवलातून एक दुकानही काढलं होतं, ते बुडालं. बुडालेल्या दुकानातून कर्वे जे शिकले ते पुढे जन्मभर पुरलं. मुंबईत नोकरीला लागल्यावर त्यांनी मुरूडच्या चाकरमान्यांकडून गावासाठी पैसा गोळा करायला सुरुवात केली, तोच मुरूड फंड. प्रत्येकाने आपापल्या मिळकतीच्या मानाने द्यायचं आणि गावाच्या कामाला लावायचं. कुणाच्या मनात येईल तेव्हा नव्हे, नेमाने. माझ्या मते कोकणातल्या औदार्याच्या इतिहासात हा फंड गोविंदरावांच्या आठ रुपयांइतकाच महत्त्वाचा आहे. भावाला पैसे पाठवण्याची शिस्त गावाला लावली, एवढंच त्यात घडलं. पण त्यासाठी गावालाच भाऊ मानावं लागलं.

दुसरी बाजू मुंबईची. १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी उभी राहिली आणि पुढच्या तीस वर्षांत रत्नागिरी जिल्हा गिरणगावाकडे वाहू लागला. १८८१ च्या जनगणनेत मुंबईत रत्नागिरीत जन्मलेल्यांचा आकडा लाखाच्या वर होता. एकेका गावाची परळ-लालबागला खोली. पाळीपाळीने झोपणारी माणसं, कोपऱ्यात रचलेल्या ट्रंका, जेवायला खानावळवालीकडे. गावात जो भावकीतला वैरी, तो इथे अंथरुणाशेजारी. नोकरी लावणार तो गाववाला, आजारी पडल्यावर बोटीत बसवून देणार तोही गाववाला. १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि कुटुंबाचं नातं दर महिन्याच्या एका कागदावर आलं. पोस्टमन दिसला की वाडीतली बाई हातातलं काम टाकून पुढे येई. गावाकडची शेती बायकांच्या अंगावर, आणि तिला लागणारा रोख पैसा मनीऑर्डरीच्या अंगावर. शाकारणीला पुरुष कमी पडू लागले, मग मजुरी देऊन माणसं लावावी लागली. शेजाराचा एक खांब असा निखळला, आणि तो कुणाच्या दुष्टपणाने निखळलेला नाही.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि बोटी भरभरून माणसं कोकणात परतली. ज्याच्या पैशावर घर चालतं त्याला वेशीबाहेर झोपडीत राहा म्हणायचं की घरात घ्यायचं, हा पेच गावोगाव पडला. त्या वर्षांवर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

कर्व्यांकडे परत यायला हवं, कारण या गोष्टीचा खरा कस तिथे लागला. पहिली पत्नी राधाबाई वारल्यावर त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी देवरूखच्या गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा होत्या. मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. नुसतं त्यांना नव्हे. आई आणि भाऊ यांनी त्यांना घरात घेतलं तर त्यांच्याशीही व्यवहार बंद. ज्या गावासाठी माणसाने रुपया-रुपया गोळा केला, त्या गावात त्याला आईच्या हातचं पान मिळेना. आणि हे करणारी माणसं दुष्ट नव्हती. त्यांतल्या कित्येकांनी कुणाची घरं शाकारली असतील, कुणाला खांदे दिले असतील. ज्या जवळिकीने गाव तगत होतं, तिच्याच जोरावर ते एखाद्याला उपाशी ठेवू शकत होतं. विस्तव देणारा हात विस्तव नाकारूही शकतो, आणि नाकारलेल्याला दाद मागायला दुसरी जागा नाही.

कर्वे गावाशी भांडत बसले नाहीत. त्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली, आणि १९०० च्या सुमारास ती पुण्याबाहेर हिंगण्याला नेली. पैसा अनोळखी लोकांकडून मागायचा, आश्रय अनोळखी बायकांना द्यायचा, आणि आश्रयाच्या बदल्यात राबवून घेण्याऐवजी शिकवून बाहेर पाठवायचं. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, या आश्रमात आल्या, शिकल्या, आणि संस्थेसाठी गावोगाव वर्गणी गोळा करू लागल्या. पुढे त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी काम करत राहिल्या आणि संस्थेसाठी मदत मागत फिरल्या. १९२८ ला आलेल्या ‘माझी कहाणी’त हे सगळं आहे. जी बाई जुन्या घडीत एखाद्या माजघरातच संपली असती, तिने सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी माणसासमोर ताठ मानेने पावतीपुस्तक धरलं. एका आयुष्यात विचार किती लांब गेला त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

ताम्हनमळ्याच्या गोपाळचंही तसंच. विद्यार्थिदशेतली एक गोष्ट चरित्रकार सांगतात. एका सुखवस्तू मित्राने त्याला नाटकाला नेलं. आपण पाहुणे आहोत असं गोपाळला वाटलं. नंतर मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. ते भरून काढायला दिव्याचं तेल वाचवावं लागलं, अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली. भावाचे आठ रुपये आणि मित्राचे दोन आणे, या दोन रकमांमध्ये त्या मुलाने देण्याघेण्याबद्दल जे शिकायचं ते शिकून घेतलं असावं. १९०३ साली धारवाडच्या सामाजिक परिषदेत अस्पृश्यांच्या स्थितीवर ते बोलले. १९०५ ला भारत सेवक समाज काढला, तेव्हा सदस्याने घ्यायच्या सात शपथांपैकी एक होती : सर्व भारतीयांना भाऊ मानीन, जातिधर्माचा भेद न करता सर्वांसाठी झटेन. आणखी एक अशी की, समाज माझ्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी जे देईल त्यात समाधान मानीन आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही. पहिली शपथ सगळे उद्धृत करतात. मला दुसरीत गोविंदराव दिसतात. देशाला वाहून घेणाऱ्याच्या मागे घर असतं, त्या घराला पंधरातल्या सातांत भागवावं लागतं, आणि ते कुठल्या तरी वहिनीच्या दागिन्यांवर सोडून देता येत नाही, हे ज्याने जवळून पाहिलं तोच घटनेत असं कलम घालतो.

याच समाजातले ना. म. जोशी. त्यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि त्याच गिरणगावात वाचनालयं, रात्रशाळा चालवल्या, जिथे चिपळूण-संगमेश्वरची पोरं गावाच्या खोल्यांत राहत होती.

तरीही ‘सर्वांना भाऊ मानीन’ म्हणणारा शेवटी देणाराच राहतो. घेणाऱ्याचं काय, याचं उत्तर गोखल्यांच्या परंपरेतून आलं नाही. ते डॉ. आंबेडकरांनी दिलं. एप्रिल १९२९ मध्ये ते चिपळूणला आले, रत्नागिरी जिल्ह्याच्या परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी घेतलं आणि खोतीवर हल्ला चढवला. १९३७ साली विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने संपायला १९४९ उजाडलं. त्यांच्या मागणीत खोताने अधिक दयाळू व्हावं असं कुठे नव्हतं. कुळाला दयेची गरज पडू नये, एवढंच म्हणणं होतं. शेजारधर्माच्या या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात लांब पाऊल मला हेच वाटतं, आणि त्याला आपण शेजारधर्म म्हणतसुद्धा नाही.

आजच्या चिपळूणबद्दल बोलायचं तर पुराबद्दल बोलावं लागतं. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१. दोन्ही वेळा वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली, दोन्ही वेळा वाचन मंदिराची पुस्तकं भिजली. २०२१ च्या त्या रात्री खालच्या मजल्यावरची माणसं वरच्या मजल्यावर गेली, ती ज्याचं दार उघडं मिळालं त्याच्याकडे. जात-धर्म विचारायला वेळ नव्हता, आणि बहुतेकांना तशी इच्छाही नव्हती. पाणी ओसरल्यावर घाटावरून आणि मुंबईतून पाण्याच्या बाटल्या, धान्य, चादरी घेऊन गाड्या आल्या. चिखल उपसायला कधी चिपळूण न पाहिलेली मुलं आली. नात्याचा, वाडीचा आणि अनोळखी नागरिकाचा असे तिन्ही काळ त्या आठवड्यात एकाच गल्लीत काम करत होते. सरकारी पंचनामा त्यांच्या मागून आला, पण तोही हवाच होता. कारण गाड्या परत गेल्यावर दुकान पुन्हा उभं करायला चादर पुरत नाही.

म्हणून ‘पूर्वीचा शेजार राहिला नाही’ ही तक्रार मला अर्धीच पटते. फ्लॅटचं दार बंद असतं, विरजण दुकानात मिळतं, खांद्याला शववाहिनी आली आहे, हे खरं. संस्थेची पावती थंड असते हेही खरं; आठ रुपयांच्या मनीऑर्डरीवर जो चार ओळींचा मजकूर असायचा तो ऑनलाइन देणगीला येत नाही. पण त्या जुन्या उबेची किंमत माजघरातल्या आत्याने, खोताच्या कुळाने आणि गडग्यापलीकडच्या माणसाने मोजली होती. ती किंमत मोजून ती ऊब परत आणायची तयारी असेल तरच हळहळावं.

एक विनंती मात्र आहे. हा लेख कर्वे, गोखले, आठवले यांच्यावर उभा आहे, कारण त्यांच्याविषयी लिहिलेलं सापडतं. उसनवारीचा हिशेब ठेवणाऱ्या बायका, खावटी फेडणारी कुळं, मुंबईहून मनीऑर्डर करणारे गिरणी कामगार यांचं फारसं कुणी लिहिलेलं नाही. चिपळूण, खेड, गुहागर, संगमेश्वरच्या घरांत माळ्यावर अजून जुन्या चोपड्या, मनीऑर्डरीच्या पावत्या, मुंबईहून आलेली पोस्टकार्डं पडलेली आहेत. दोन पुरांत बरीच गेली. उरलेली रद्दीत घालण्याआधी वाचन मंदिरात नेऊन दाखवा, निदान त्यांचे फोटो काढून ठेवा. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर सासरी आल्यावर पहिला विस्तव किंवा पहिले तांदूळ कुणाकडून आणले होते, ते विचारून लिहून घ्या.